धर्मग्रामाचा हिशेब कसा मागावा

वसईसारख्या मराठी भाषक कॅथलिक धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्रात) धर्मगुरूंविषयीची नाराजी बहुधा मिस्सेनंतर (उपासनाविधीनंतर) चर्चच्या आवारातच विरून जाते; ती लेखी मांडली, तरच तिचा विचार करणे संबंधितांना भाग पडते. १९८३ च्या कॅनन लॉमधील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) कलम २१२ प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांना, आपले मत धर्माधिकाऱ्यांना आदरपूर्वक कळवण्याचा हक्क देते, आणि काही प्रसंगी ते कर्तव्यही मानते. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक भाविकसमुदायात) अर्थसमिती असलीच पाहिजे. म्हणून प्रथम तिचे सदस्य कोण आहेत आणि तिची बैठक शेवटची केव्हा झाली, हे विचारावे. त्यानंतर कलम १२८७ चा आधार घेऊन भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब मागावा. अर्जात आरोप नकोत, नेमके प्रश्न हवेत; अर्जावर तारीख असावी, अनेकांच्या सह्या असाव्यात आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. (शंभर तोंडी तक्रारींपेक्षा असा एक कागद अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.) उत्तर न आल्यास तोच अर्ज बिशपांकडे पाठवावा.

बालकाच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत मात्र हा क्रम लागू होत नाही. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यासाठी बिशपांच्या परवानगीची गरज नसते. बिशपांनीच प्रकरण दडपल्याचा संशय असल्यास, पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये आणलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारून कायम केलेल्या नियमांनुसार त्यांच्याविरुद्धही तक्रार करता येते.