खुर्चीची जाळी बदलायची आहे? आधी हे बघा

ठाण्यात मी ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करतो. जाळी बदलायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग विचारतं. मी विचारतो, पाठीची बदलायची की बैठकीची? पाठीवर माणूस रेलतो, बैठकीवर अंगाचं जवळजवळ सगळं वजन येतं. पाठीची जाळी बैठकीला ठोकली तर थोड्याच दिवसांत तिची झोळी होते आणि खालची लोखंडी प्लेट बुडाला लागते.

पाठीसाठी घट्ट विणीची पॉलिस्टर जाळी घ्या. ती पाणी जवळजवळ पीत नाही. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना पॉलिस्टर आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी ओल धरतं, नायलॉन साधारण चार टक्के. नायलॉन घासायला चिवट खरं, पण ओल धरली की सैलावतं, आणि कोकणपट्टीत पावसाळा चार महिने असतो. शिवाय साधं नायलॉन खिडकीच्या उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं.

बैठकीचा प्रश्न अवघड. फोम अजिबात न वापरता नुसत्या जाळीवर माणूस बसवायची कल्पना १९९४ च्या एरॉन खुर्चीने गाजवली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांच्या त्या डिझाइनमध्ये रबरासारखं ताणून परत जागेवर येणाऱ्या इलास्टोमरच्या धाग्याची जाळी होती. तशी जाळी आपल्याकडे मीटरवर सहसा मिळत नाही. अशा बऱ्याच खुर्च्यांत ती फ्रेममध्येच पक्की बसवलेली असते, म्हणून अख्खी फ्रेम बदलावी लागते. तेवढा खर्च करायचा नसेल तर माझं सरळ मत: पाठीला जाळी, बैठकीला फोम. वजन जास्त असेल किंवा दिवसभर बसायचं असेल तर नक्कीच.

'एअर मेश' म्हणून एक जाड, मऊ कापड दाखवतात, बुटांना आणि बॅगांना लावतात ते. हाताला छान लागतं, पण ते फोमवर चढवायचं कापड आहे. नुसतं फ्रेमवर ताणलं तर भार पेलत नाही.

दुकानात वीतभर तुकडा मागा. लांबीत, रुंदीत आणि तिरका, तिन्हीकडे जोरात ओढा आणि सोडून काउंटरवर सपाट ठेवा. कडा लाटेसारख्या उठल्या किंवा मधे फुगवटा राहिला तर ती जाळी नको. मग उजेडासमोर धरा. ओढलेल्या जागची भोकं बाकीच्यांपेक्षा मोठी दिसली तर धागे सरकलेत. कापलेल्या कडेचा एक धागा नखाने ओढून बघा, सरसर उसवत गेला तर जाळी फ्रेमला ठोकलेल्या पिनांपाशी पहिली फाटेल. आयएस १७६३१ हे भारतीय मानक अख्ख्या खुर्चीच्या मजबुतीचं आणि स्थिरपणाचं आहे. त्याचा शिक्का दाखवून कोणी सुटी जाळी विकत असेल तर ऐकून घ्या आणि तुकडा ओढा.

आता कापणं. जुनी जाळी साचा म्हणून वापरू नका, ती वर्षानुवर्षं ताणलेली असते. त्या मापाने कापलेली नवी जाळी पहिल्या दिवसापासून सैल बसते. माप फ्रेमचं घ्या. कमी ताणणारी बाजू आडवी, म्हणजे दोन उभ्या दांड्यांच्या मधे येऊ द्या. कारागीर पन्ह्यातून जास्त तुकडे निघावेत म्हणून कशीही कापतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.

पिनांची फ्रेम असेल तर कड दुमडून दुहेरी करायची. पहिली पिन वरच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी तिच्या समोर खाली, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडे. एका कोपऱ्यापासून ठोकत गेलं की दुसऱ्या कोपऱ्यात चुण्या साठतात, त्या नंतर निघत नाहीत. समुद्राजवळ राहत असाल तर पिना स्टेनलेस स्टीलच्या मागा, साध्या पिनांचा गंज जाळीवर उतरतो. जाळीची कड पट्टीने खाचेत दाबून बसवलेली फ्रेम असेल तर जुनी पट्टी जपून काढा, तशीच नवी मिळेल याचा भरवसा नाही.

आणि घरात मांजर असेल तर मोठ्या भोकांची जाळी विसरा. बारीक भोकांची घ्या, नखं अडकायला तेवढीच कमी जागा.