ऊर्जा सुरक्षेच्या कामात येताय? मग आधी बेरीज थांबवा

वीज, इंधन, पाणी आणि सरकारी तिजोरी यांना एकदम धक्का बसला तर राज्य किंवा देश कितपत तग धरेल, हे तपासण्यासाठी हल्ली बऱ्याच ठिकाणी माणसं घेतली जातात. सल्लागार कंपन्या आहेत, बँका आहेत, काही सरकारी कक्षही आहेत. इंजिनिअरिंग किंवा अर्थशास्त्र करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं मला विचारतात, काय शिकू? मेगावॉट आणि युनिट यांतला फरक तुम्हाला येतो असं धरून चालतो. येत नसेल तर एका संध्याकाळचं काम आहे, त्याची भीती बाळगू नका.

भीती बाळगायची ती बेरजेची. सगळेच एक्सेलमध्ये तोच तक्ता मांडतात. औष्णिक इतकी, जलविद्युत इतकी, साखर कारखान्यांची सहवीज इतकी, सौर इतकी, खाली बेरीज, शेजारी मागणी. बेरीज मोठी निघाली की राज्य सुरक्षित. मीही सुरुवातीला बराच काळ असेच तक्ते करत होतो आणि एकदाही कुणी परत पाठवला नाही. पाठवणार कसा? तक्त्यात चूक नसतेच. फक्त त्यातल्या प्रत्येक ओळीचं नशीब वेगळं आहे असं आपण न सांगता गृहीत धरलेलं असतं.

आता मराठवाड्यातलं दुष्काळी वर्ष घ्या. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. कोयनेची जलविद्युत क्षमता कागदावर १,९६० मेगावॉट, पण पाऊस कमी झाला की धरणातलं पाणी प्यायला आणि सिंचनाला राखायचा दबाव वाढतो. त्यातच वीज करून पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला कृष्णा लवादाने (नदीचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाने) वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. ऊस वाळला की बगॅस (उसाचा चोथा) नाही, बगॅस नाही की तो जाळून होणारी सहवीज नाही. २०१४-१५ च्या हंगामात राज्याचं साखर उत्पादन १०० लाख टनांच्या पुढे होतं, २०१६-१७ मध्ये ते ४२ लाख टनांच्या आसपास आलं. आणि विहिरीचं पाणी खोल गेल्यामुळे शेतकऱ्याचा पंप तेवढ्याच पाण्यासाठी जास्त वीज ओढतो, म्हणजे त्याच वर्षी मागणी वर जाते.

तुमच्या तक्त्यात ही तीन वेगळी साधनं आणि शेजारी मागणी होती. प्रत्यक्षात एकाच खुंटीला टांगलेले चार सदरे होते. खुंटी पावसाची.

हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण एकदा वाचून ते मुरत नाही. राज्याची तिजोरीही त्याच खुंटीला असते. दुष्काळात कृषिपंपांची थकबाकी वाढते, महावितरणकडे पैसा कमी येतो, नेमकी तेव्हाच बाहेरून महाग वीज घ्यावी लागते. वर सरकारला टँकर, चारा छावण्या आणि २०१६ साली लातूरला लागली तशी पाण्याची रेल्वेही चालवावी लागते. ऊर्जा, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था अशी तीन प्रकरणं पाडून अहवाल लिहिलात तर हे कुठल्याच प्रकरणात दिसणार नाही.

खुंट्या आणखीही आहेत. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या वेळी ती डॉलरची होती. दर डॉलरशी आणि इंधनाच्या जागतिक भावाशी बांधलेला, पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातूनच निघणाऱ्या इंधनावर. रुपया घसरला, तेल चढलं आणि २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. या प्रकल्पाचा आढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल मिळवून वाचा, कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त शिकवेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये उलट अतिपावसाने खाणींचं काम मंदावलं. त्याच सुमारास जगात कोळसा महागला, आयात कोळशावरच्या केंद्रांनी हात आखडता घेतला आणि देशातल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच साठा उरला.

तारांचं वेगळंच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. राज्यात विजेचा तुटवडा नव्हता. बाहेरून येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि अशाच प्रसंगी शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवण्यासाठी बांधलेली आयलँडिंग यंत्रणा त्याला सावरू शकली नाही, कारण त्या घडीला शहरातली निर्मिती भाराच्या मानाने फारच कमी होती. स्वस्त वीज बाहेरून मिळत असताना शहरातली महाग केंद्रं कुणी का चालवावीत? या प्रश्नाला अर्थशास्त्राचं एक उत्तर आहे आणि ग्रिडचं दुसरं. नोकरीत तुमचा पगार या दोघांच्या मध्ये उभं राहण्याचा आहे.

मग करायचं काय? तक्ता तोच ठेवा, बेरजेची ओळ पुसा आणि उजवीकडे रकाने वाढवा: पाऊस बुडाला तर, रुपया पडला तर, एक मोठी वाहिनी गेली तर, संध्याकाळी सात वाजता सौर थांबल्यावर. प्रत्येक खान्यात काय उरतं ते भरा. नव्या योजनाही यातून गाळून बघा. कृषी वाहिन्यांचं सौरीकरण, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणं, मला मनापासून आवडतं. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवाच्या भीतीने मोटार लावायला जावं लागत नाही, आयात इंधनाचा संबंध नाही, संध्याकाळचा भार हलका होतो. पण दुष्काळाच्या रकान्यात आलात की दिवसभर मिळणारी वीज भूजल आणखी खाली नेऊ शकते. दोन्ही लिहा. एकच लिहिणाऱ्याला लोक प्रचारक म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र लिंक्डइनवर छान दिसतं, मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडं पडतं. गुरू शोधायचा तर परिषदांत भाषणं देणाऱ्यांपेक्षा सबस्टेशनमध्ये रात्रपाळ्या काढलेला निवृत्त ऑपरेटर शोधा. तो तुम्हाला चहा पाजेल आणि कुठली वाहिनी कधी का पडते हे पाठ म्हणून दाखवेल. माझं हे मत एकांगी आहे असं सहकारी म्हणतात. असू दे.

पगार पहिली काही वर्षं आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असेल आणि घरी हे काम समजावून सांगता येणार नाही. घरावर कर्ज असेल तर आधी स्थिर नोकरी धरा, हे काम संध्याकाळी करा. खरंच चालतं तसं. गणित बहुतेक दहावीच्या पातळीचं आहे, कॉमर्सवाल्यांनीही बिचकू नये. मराठीतून शिकलेल्यांना तर एक फायदाच आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या जनसुनावणीत शेतकरी, यंत्रमागवाले आणि ग्राहक प्रतिनिधी मराठीत जे बोलतात ते इंग्रजी अहवालांत तीन ओळींत उरकलेलं असतं. सूचना-हरकती कुणीही दाखल करू शकतो, वकील लागत नाही. पुढच्या सुनावणीची जाहिरात निघाली की वीज कंपनीची याचिका उतरवून घ्या. वीज खरेदीचा खर्च ज्या तक्त्यात दिलाय तो आधी उघडा, त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने तिची खुंटी लिहा आणि मगच हरकत लिहायला बसा.