गांधी उठल्या तर आमसुलं भिजवत बसू नका

मालवणात माझी खानावळ आहे. मे महिन्यात धाकटे दीर जेवायला बसले. त्यांना कोळंबी चालत नाही, म्हणून ताटात फक्त वांग्याची भाजी आणि भाकरी. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. भाजीत चवीला मूठभर सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, पडले होते. "पित्त उठलंय," म्हणत सासूबाई आमसुलं भिजवायला धावल्या.

नाव पित्त असलं तरी ही करामत रोगप्रतिकारशक्तीची. पूर्वी कधीतरी कोळंबी खाल्ली तेव्हा दिरांच्या शरीराने तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला शत्रू ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवली. ती त्वचेतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर चिकटून राहतात. पुन्हा तेच प्रथिन आलं की या पेशी हिस्टामिन ओततात. रक्तवाहिन्या पाझरतात, सूज येते, श्वासनलिका आवळते. म्हणून "इतकी वर्षं खात होतो की" याला काही अर्थ नाही. उकळून, वाळवून हे प्रथिन मरत नाही. जवळ्यात आणि कुर्ल्यांतही (खेकड्यांत) ते असतंच. माशांची अॅलर्जी बहुधा वेगळ्याच प्रथिनाची, त्यामुळे दीर सुरमई मजेत खातात. (आंब्याचा चीक लागून एकदोन दिवसांनी उततं ते प्रकरण निराळं, त्यात आयजीईचा हात नाही.)

नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली सेटिरिझिनची गोळी द्या आणि माणसावर नजर ठेवा. आमसुलाच्या पाण्याने खाज निवली तरी घसा उघडत नाही. आवाज घोगरा झाला, छातीत शिट्टी वाजू लागली, चक्कर आली, की 108 ला फोन करा. काय खाल्लं, किती वाजता, ते सांगा. इथे उपाय एकच, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तोवर आडवं निजवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. आम्ही दिरांना अंगणातून चालवत नेऊन स्कूटरवर बसवलं. डॉक्टर त्यावरूनच जास्त ओरडले.

इंजेक्शननंतर थोड्याच वेळात आवाज सुटला, तरी रात्रीपर्यंत घरी सोडलं नाही. काही तासांनी त्रास उलटतो म्हणे.

सोड्यांच्या बरणीला आता सुतळी बांधली आहे. सासूबाईंच्या डोळ्यांवर चष्मा नसला तरी ती हाताला लागते.