पेनड्राइव्हवर आरत्या-भजनं भरताना या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या रात्री गुहागरपासून कुडाळपर्यंत कितीतरी घरांत लॅपटॉपवरची भजनं पेनड्राइव्हवर चढवायचं काम चालतं. काही गाणी जातात, काहींपाशी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असा संदेश येऊन कॉपी अडते. लगेच नवा पेनड्राइव्ह आणायला बाजारात धावू नका. बहुतेक वेळा दोष फाइलच्या नावात असतो.

पेनड्राइव्ह सहसा फॅट32 या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. या पद्धतीत नऊ चिन्हं नावात चालत नाहीत: दोन्ही तिरप्या रेघा, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंसाचे दोन्ही भाग आणि उभी रेघ. विंडोज अशी नावं मुळात देऊच देत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या लॅपटॉपला मात्र यातली एकच तिरपी रेघ वर्ज्य, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं नीट वाजणारी फाइल पेनड्राइव्हवर जाताना अडते. पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला तरी हीच चिन्हं आडवी येतात.

मराठी नावांत दोन चिन्हं हमखास घात करतात, आणि त्यांतली चूक नजरेला दिसतही नाही. पहिलं विसर्गाचं. ‘ॐ नम: शिवाय’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाच्या जागी कोलन टाइप करतात. खरा विसर्ग ‘नमः’ असा अक्षराला जोडून येतो आणि तो पेनड्राइव्हला चालतो. दुसरं दंडाचं. ‘|| श्री ||’ मधल्या उभ्या रेघा इंग्रजी कीबोर्डवरच्या असतील तर फाइल जाणार नाही. देवनागरी कीबोर्डवरचा दंड ‘।’ असेल तर जाईल. डबलबारीच्या रेकॉर्डिंगला ‘गजर: बारी पहिली?’ असं नाव दिलं असेल, तर त्यात कोलन आणि प्रश्नचिन्ह दोन्ही आहेत.

एकेक नाव हाताने बदलत बसू नका. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ‘फाइल्स’ ॲप उघडून सगळी गाणी निवडा, एफ2 दाबा, ‘शोधा आणि बदला’ घ्या, कोलनच्या जागी आडवी छोटी रेघ द्या. मग पुढचं चिन्ह. मॅकवरही अनेक फाइल निवडून रीनेम करता येतं. आधी फोल्डरची एक प्रत काढा आणि बदल त्या प्रतीवर करा. गाण्याचं पूर्ण, शुद्ध नाव टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत, राहू द्या. फाइलचं नाव बदललं म्हणून ते पुसलं जात नाही.

लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांकडेही लक्ष द्या. एकाच नावाच्या दोन फाइल, फरक फक्त कॅपिटलचा, लिनक्सवर वेगळ्या असतात. पेनड्राइव्हवर ते एकच नाव ठरतं आणि दुसरी पहिलीवर लिहिली जाऊ शकते. ‘बदलू का?’ असं विचारलं की डोळे झाकून ‘हो’ म्हणू नका.

मंडपातल्या स्पीकरला किंवा जुन्या गाडीच्या प्लेअरला देवनागरी नाव दाखवता येत नसेल, तर तिथे चौकोन दिसतील. अशा ठिकाणी रोमन नावं द्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आरतीच्या वेळी अंधारात गाणं शोधणाऱ्याचे हाल होतात. नावाआधी 01, 02 असे आकडे घाला. नुसते 1, 2 घातले तर काही प्लेअर 1 नंतर 10 वाजवतात. बरेच साधे प्लेअर नाव न बघता ज्या क्रमाने फाइल चढवल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून कॉपीही क्रमानेच करा.

मॅकवरून भरलेल्या पेनड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइल तयार होतात. प्लेअर त्यांना गाणी समजून अडखळतो. त्या पुसून टाका, मूळ गाण्याला धक्का लागत नाही.

शेवटी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय पेनड्राइव्ह उपटू नका. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी लिहिण्याचं काम मागे चालू असू शकतं.