शेतात सापडलेलं जुनं बक्कल ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवला की नाण्यांइतकीच हमखास हाती लागतात ती बटणं आणि बकलं. नाण्यावर निदान राजाचं डोकं असतं. बकलावर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे अंदाजांना ऊत येतो.

पहिली चूक तिथेच, शेतात होते. वस्तू वर आली की थुंकी लावून अंगठ्याने घासायची! माती ओली असते, तिच्यात वाळूचे कण असतात, आणि बकलावरचा सोन्याचा मुलामा किंवा कल्हई अगदी पातळ असते. त्या दोन घासण्यांत ती गेली की परत येत नाही. घरी आणून लिंबू, व्हिनेगर किंवा तारेची घासणी वापरणं तर त्याहून वाईट. गुळगुळीत गडद हिरवा थर धातूला सांभाळतो, तो काढू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र धातू आतून पोखरला जातोय. अशी वस्तू कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

दुसरी चूक म्हणजे नक्षीवरून काळ ठरवणं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फुलं, दोरीचा पीळ, ठिपके हे सगळं फॅशनमध्ये पुन्हा पुन्हा येतं. म्हणून बक्कल उलटं करा आणि जोडणी कशी आहे ते बघा. चौकटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना मधोमध बारीक भोकं आहेत का? त्यांत तांबूस गंज अडकलाय का? असेल तर तिथे वेगळी दांडी बसवलेली होती आणि तिच्यावर पट्ट्यात रुतणारे काटे होते. दांडी आणि काटे बहुधा लोखंडी, पोलादी असत. ते मातीत गंजून जातात आणि हातात नुसती पितळी चौकट येते. मग ती आरशाची चौकट वाटते, दागिना वाटतो, काय वाटेल ते वाटतं.

अशी भोकं असलेली वाकदार चौकट दिसली की आधी बुटाचं बक्कल आठवा. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने आपल्या बुटांना बकलं लावायला सुरुवात केली ती जानेवारी १६६० मध्ये, आणि ते त्याने रोजनिशीत टिपूनही ठेवलं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं ही फॅशन चालली. १७७० नंतर तर बकलं इतकी मोठी झाली की बूट झाकला जाई. मग नाड्या आल्या. १७९१ मध्ये बर्मिंगहॅम आणि आसपासच्या बक्कल बनवणाऱ्यांनी थेट प्रिन्स ऑफ वेल्सकडे गाऱ्हाणं नेलं, पण फॅशन काही वळली नाही.

याउलट दांडी चौकटीबरोबरच ओतलेली असेल आणि काटा तिच्याभोवती वळवलेला असेल, तर वस्तू मध्ययुगीन असू शकते. ‘असू शकते’ एवढंच म्हणायचं, कारण घोड्याच्या साजाची बकलं नंतरही याच पद्धतीने बनत राहिली. इंग्रजी ‘डी’च्या आकाराचं साधं, बिननक्षीचं बक्कल कोणत्या शतकातलं हे नुसत्या आकारावरून सांगणारा माणूस दिसला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

खोल सापडलं म्हणजे जुनं, हाही भ्रमच. नांगर दरवर्षी माती वरखाली करतो, त्यामुळे रोमन ब्रोच वर आणि व्हिक्टोरियन बटण खाली असं सहज होतं. खोलीपेक्षा नेमकी जागा जास्त बोलते, म्हणून नकाशावर ती जागा दाखवणारे आकडे (ग्रिड रेफरन्स) तिथल्या तिथे लिहून ठेवा.

बटणाच्या बाबतीत मागे कोरलेलं ‘ट्रेबल गिल्ट’ वाचून सोनं सापडल्याचा आनंद साजरा करू नका. ती मुलाम्याची जाहिरात आहे. पुढच्या बाजूला आकडा असेल तर तो ब्रिटिश पलटणीचा क्रमांक असू शकतो. सैनिकांच्या बटणांवर तो १७६७ च्या हुकुमानंतर आला.

मदत मागताना फक्त समोरून एक झकास फोटो पाठवला जातो, आणि ओळखणारा बिचारा अडकतो. पुढून, मागून आणि कडेने असे तीन फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. कडेचा फोटो विसरू नका, चौकटीचा वाक फक्त त्यातच दिसतो. वजनही कळवा.

कायद्याचं शेवटी सांगतोय, पण ते आधी तपासा. जमीनमालकाची परवानगी हवीच. इंग्लंडमध्ये ३०० वर्षांहून जुन्या वस्तूत किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ती कायद्याने ‘ट्रेझर’ (खजिना) ठरते आणि तसं लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कळवावी लागते. ट्यूडर काळातला (१४८५ ते १६०३) कपडे अडकवायचा चांदीचा हूक या नियमात बसतो. पितळी बुटाचं बक्कल सहसा बसत नाही. तरी तेही जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये नोंद झाली की ते कुठे सापडलं हे पुढच्या अभ्यासकालाही कळतं.