पेमेंट अडकलं? बंदुकीशी संबंधित खरेदी-विक्रीत या चुका टाळा

माझा एक मित्र डॅलसजवळ राहतो. दिवसा आयटीतली नोकरी, रात्री गॅरेजात छपाई. रबरी मॅटवर तो रायफलच्या सुट्या भागांचा आराखडा छापतो. बंदूक साफ करायला बसलं की खाली अंथरायची ती मॅट, किंमत 22 डॉलर. मागच्या नोव्हेंबरात, विक्रीच्या ऐन हंगामात, त्याचं पेमेंट खातं गोठलं. फोनवर पठ्ठ्या एकच वाक्य घोळवत होता, "अरे, मी काय तोफा विकतोय का?"

तोफा नव्हत्या. पण त्याच्या साइटच्या चौथ्या पानावर बंदुकीच्या ट्रिगरच्या स्प्रिंगची दहा-बारा पाकिटं विकायला लावलेली होती. एका पुरवठादाराकडून स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली आणि मग विसरून गेलेली. गाडी नेमकी तिथेच अडली.

अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी हल्ली रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जातात, कुणी असा जोडधंदाही करतात. पैसे अडकले की सगळ्यांच्या चुका साधारण त्याच असतात.

"कायद्याने चालतं ना, मग?"

ही सगळ्यात मोठी चूक. दुसरी घटनादुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारं अमेरिकी घटनेचं कलम, सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीचे नाही. ऑनलाइन पेमेंटच्या पेपल कंपनीच्या वापराच्या अटींत बंदुका, दारूगोळा आणि काही सुटे भाग व ॲक्सेसरीज यांना सरळ मनाई आहे. दुकानांना कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या स्क्वेअरने 2013 मध्येच बंदुकांच्या विक्रीला दार बंद केलं. ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या शॉपिफायने ऑगस्ट 2018 मध्ये काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित बंदुका आणि त्यांचे भाग आपल्या दुकानांतून काढायला लावले. टेक्सासने 2021 मध्ये बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध कायदा केला हे खरं, पण तो सरकारी कंत्राटांपुरता. माझा मित्र सपोर्टच्या चॅटवर घटनेची कलमं टाइप करत बसला होता. समोरच्या पोराला, किंवा बॉटला, त्याचं काय!

त्यातही प्रत्येक कंपनीची रेघ वेगळ्या जागी असते. होल्स्टर, म्हणजे बंदूक अडकवायची म्यान, एकीकडे चालेल, दुसरीकडे नाही. म्हणून दुकान थाटण्याआधी मालाची यादी कंपनीला पाठवा आणि "हे चालेल का" याचं उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो, हो" नंतर कुणालाच आठवत नाही. आणि लक्षात ठेवा, तपासणी विकल्या गेलेल्या मालाचीच होते असं नाही, साइटवर जे जे दिसतं त्या सगळ्याची होते.

नाव बदलून माल खपवणं

हा सल्ला हमखास कुणीतरी देतो: "'स्पोर्ट्स पार्ट' लिही", "फ्रेंड्स अँड फॅमिलीने (पेपलवर ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पर्यायाने) घे", "नोटमध्ये 'बर्थडे गिफ्ट' टाक". ऐकू नका. घेणाऱ्याचं संरक्षण त्या क्षणी संपतं, माल आला नाही तर दाद मागायची सोय राहत नाही. विकणाऱ्याचं तर आणखी वाईट. अटी मोडल्या तर पेपल दर उल्लंघनामागे 2,500 डॉलर कापून घेऊ शकतं आणि शिल्लक 180 दिवसांपर्यंत अडवून ठेवू शकतं. खोट्या वर्णनाने कार्डाचे व्यवहार केल्याचं उघड झालं तर नाव मास्टरकार्डच्या मॅच यादीत, म्हणजे कार्ड घ्यायची सोय काढून घेतलेल्या दुकानदारांच्या यादीत, जातं, आणि तिथे ते 5 वर्षं राहतं. मग उद्या तुम्ही लोणची विकायला काढलीत तरी कार्ड घेणारी कंपनी मिळताना नाकी नऊ येतात.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे: बंदूक व्यवसायाची खाती मुद्दाम घेणारे प्रोसेसर (कार्डाचे पैसे दुकानदारापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या) असतात, दर थोडे जास्त लावतात, कागदपत्रं मागतात. त्यांच्याकडे जायचं.

कार्ड नाकारलं की धडाधड पुन्हा बटण दाबणं

दरवेळी बंदीच आड येते असं नाही. दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून ऑनलाइन घेतलेली बंदूक तुमच्या घरी येत नाही. 1968 च्या गन कंट्रोल कायद्यानुसार ती परवानाधारक डीलरकडे जाते, तिथे तुम्ही बंदूक घेणाऱ्याने भरायचा 4473 क्रमांकाचा फॉर्म भरता, पार्श्वभूमी तपासली जाते, मग ती हातात मिळते. म्हणजे बिलाचा पत्ता तुमचा आणि पोचवण्याचा पत्ता भलत्याचा. बँकेच्या यंत्रणेला हे चोरलेल्या कार्डासारखं दिसतं. त्यात चार-पाच वेळा प्रयत्न केलेत की कार्डच बंद.

एकदा नाकारलं की थांबा. बिलाचा पत्ता स्टेटमेंटवर छापलाय तस्साच भरलाय का बघा, अपार्टमेंट नंबरासकट. मग कार्डामागच्या नंबरावर फोन करून व्यवहार आपलाच असल्याचं सांगा. तुमच्या डीलरच्या परवान्याची प्रत विक्रेत्याकडे पोचली आहे का हेही विचारा. ती नसेल तर पैसे जातात पण माल हलत नाही. बंदूक तुमच्या हाती देण्याची डीलरची ट्रान्स्फर फी वेगळी असते, ती ऑनलाइन बिलात शोधू नका.

5723 ची भीती

सप्टेंबर 2022 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने बंदूक-दारूगोळ्याच्या दुकानांसाठी 5723 हा वेगळा व्यापारी कोड मंजूर केला आणि व्हॉट्सॲपवर वणवा पेटला: आता तुम्ही किती गोळ्या घेतल्या ते सरकारला कळणार. तसं नाही. हा कोड दुकानाचा प्रकार सांगतो, पिशवीत काय आहे ते नाही. त्या दुकानातून टोपी घेतली तरी कोड तोच. आधी ही दुकानं खेळाच्या सामानात किंवा 'इतर'मध्ये मोडायची. मार्च 2023 मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी अंमलबजावणी थांबवली. पुढे कॅलिफोर्नियाने कायदा करून 1 मे 2025 पर्यंत तो लावणं बंधनकारक केलं. फ्लोरिडा आणि टेक्सासने उलट तो वापरायलाच आडकाठी केली. तुमचं पेमेंट अडलं तर ते या कोडमुळे अडलं असण्याची शक्यता फार कमी. आधी पत्ता तपासा.

"पेमेंट झालं, म्हणजे आपल्याला परवानगी आहे"

आपल्या लोकांनी सगळ्यात जपायचं ते इथे. एच-1बी (नोकरीच्या) किंवा एफ-1 (शिक्षणाच्या) व्हिसावर आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. गंमत अशी, की कार्डाच्या मशीनला तुमचा व्हिसा दिसत नाही. गोळ्यांचा डबा कार्टमध्ये टाका, पैसे भरा, 'ऑर्डर कन्फर्म' येईल. तेवढ्याने तो डबा घरात ठेवणं कायदेशीर होत नाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने बंदूक घेणं हेसुद्धा बाळगण्यातच धरलं जातं. लाँग वीकेंडला ऑफिसचे मित्र "चल रे" म्हणतात तेव्हा हे कुणी सांगत नाही. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मग कार्ड काढा.

आणि खातं गोठलंच तर

नवीन ईमेलने दुसरं खातं उघडू नका. कंपनी दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे ओळखते आणि दोन्ही बंद करते. आलेल्या मेलमध्ये कुठल्या ऑर्डरचा किंवा वस्तूचा उल्लेख आहे ते शोधा, ती वस्तू साइटवरून काढा, काढल्याचा स्क्रीनशॉट आणि पुरवठादाराचं बिल पाठवा. रागाचा मेल लिहायचाच असेल तर लिहा, पण ड्राफ्टमध्ये राहू द्या. ज्यांच्या ऑर्डर अडल्यात त्या गिऱ्हाइकांना त्याच दिवशी कळवा, नाहीतर ते बँकेकडे तक्रार करून पैसे परत ओढतात आणि तुमची बाजू आणखी लंगडी होते. आणि धंदा चालू असताना शिल्लक खात्यात साचू देऊ नका, दर आठवड्याला बँकेत वळवत जा.

मित्राने हे शेवटचं केलं नव्हतं. हंगामाचे सगळे पैसे आतच होते. ते मे महिन्यात मिळाले. मॅट आता दुसऱ्या प्रोसेसरवर विकल्या जातात. स्प्रिंगची पाकिटं गॅरेजात गणपतीच्या मखराखाली ठेवलेल्या खोक्यात पडून आहेत, आणि त्यांचं काय करायचं हे त्याचं अजून ठरत नाहीये.