पहाटे रस्त्यावर धावताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये साडेपाचला घराबाहेर पडलं की पुण्यात चांगलं फटफटलेलं असतं. सूर्य सहाच्या आसपास उगवतो. तोच गजर जानेवारीत वाजतो तेव्हा बाहेर काळोख असतो, कारण सूर्योदय सात वाजून गेल्यावर. आपण मात्र तोच काळा टी-शर्ट अडकवतो आणि त्याच रस्त्याला लागतो. मी दोन हिवाळे असाच धावलो. तिसऱ्या हिवाळ्यात दुधाच्या टेम्पोचा आरसा कोपराला घासून गेला. टेम्पो थांबला, चालक उतरला. मी भांडायच्या तयारीत होतो, तर तोच कापऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही दिसलाच नाहीत हो." डांबर काळं, कपडे काळे, आणि माझी पाठ गाडीकडे. भांडायला काही उरलंच नाही.

आपण दिसतो, असं गृहीत धरणं

साधं गणित करा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. तुम्ही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी २५ मीटर गेले, आणि ब्रेक तर आता कुठे लागतोय. म्हणून लांबून दिसणं महत्त्वाचं. इथे बरेच जण फसतात ते पोपटी किंवा भगव्या भडक टी-शर्टला. हे रंग उजेडात उठून दिसतात; अंधारात त्यांचा फारसा उपयोग नाही. अंधारात लागते ती रेडियमची पट्टी, हेडलाइटचा प्रकाश परत चालकाकडे फेकणारी. ती छातीवर लावाच, पण घोट्यांवरही लावा. खाली-वर हलणारे दोन ठिपके दिसले की चालकाला लांबूनच कळतं, हे माणसाचे पाय आहेत. सायकलच्या दुकानात मिळणारा लुकलुकणारा लाल दिवा पाठीमागे कमरेला अडकवला तर आणखी बरं.

वाहनांकडे पाठ करून धावणं

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून आपणही सवयीने डावीकडूनच धावतो. पायी माणसाने उलट करावं. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या गाडीच्या समोरून. मार्च २०२३ मध्ये वरळी सीफेसवर सकाळी धावणाऱ्या एका महिलेला मागून आलेल्या गाडीने उडवलं. त्या वाचल्या नाहीत. समोरून येणारी गाडी डुलतेय, चालक मोबाइलमध्ये बघतोय, हे निदान दिसतं आणि कडेला उडी मारायला क्षणभर तरी मिळतो.

पण या नियमाला आपल्या रस्त्यांवर दोन अपवाद आहेत. पहिला, राँग साइडने येणारे दुचाकीवाले. तुम्ही उजवीकडून धावत असलात तर ते नेमके मागून येतात, आणि स्कूटर इलेक्ट्रिक असेल तर आवाजही नसतो. दुसरा, घाट. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या रस्त्यावर उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं, की डोंगराला चिकटून उतरणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. अशा वळणाच्या बऱ्याच आधी दोन्हीकडे बघून बाहेरच्या कडेला जा, आणि वळण संपलं की परत या.

इयरफोनबद्दल मी कट्टर आहे: रस्त्यावर नको. अगदीच जमत नसेल तर एकच, तोही रस्त्याकडच्या कानात नको. ग्रुपने धावणाऱ्यांनाही एक विनंती. चौघं शेजारी शेजारी, रविवारच्या गप्पा रंगलेल्या, आणि मागून येणाऱ्या पीएमपीच्या बसवर आपणच डोळे वटारायचे, हे बंद करू या.

कुत्रं मागे लागलं की वेग वाढवणं

ही चूक हमखास होते, कारण पाय आपोआप पळतात. पळणाऱ्याचा पाठलाग हा कुत्र्याचा स्वभाव आहे आणि त्याच्याशी शर्यत कोणी जिंकत नाही. थांबा. अंग थोडं तिरकं ठेवा, डोळ्यांत रोखून बघू नका, हात हलवू नका, आणि पाठ न दाखवता चालत चालत त्याच्या हद्दीबाहेर पडा. ही हद्द अगदी ठरलेली असते: कचराकुंडीपासून मटणाच्या दुकानापर्यंत, की पुढे ती तुमचं नावही काढत नाहीत. खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणणं बहुतेक वेळा चालतं. पण थंडीच्या दिवसांत पिल्लं घातलेली कुत्री आसपास असेल तर हा प्रयोग नको. सरळ गल्ली बदला.

चावलंच, तर घरी जाऊन हळद, चुना किंवा तिखट लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण १५ मिनिटं धुवा; घड्याळ लावून धुवा, कारण एरवी आपण दोन मिनिटांतच आटपतो. त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. रक्त आलं नाही, नुसता दात लागून ओरखडा उठला, तरीही. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. आणि सगळे डोस पूर्ण करा. कुत्रं दिसेनासं झालं, म्हणून शेवटचे डोस चुकवणारे माझ्या ओळखीतच दोघं आहेत.

"घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही"

धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. मुंबई-कोकणात तर हवाच इतकी दमट की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही. खूण घामात शोधू नका, बोलण्यात शोधा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, झोकांड्या द्यायला लागला, तर त्याला सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेवर ठेवा, आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

उलट टोकही आहे. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि लक्षणं तशीच दिसू लागतात: मळमळ, डोकेदुखी, गोंधळ. तहानेप्रमाणे प्या. तासाभराच्या पुढे धावायचं तर मीठ-साखर-लिंबू बरोबर असू द्या.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. पाणी साचलेल्या रस्त्यावरून धावू नका, मग ते घोटाभर का असेना. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते तर चालत घरी निघाले होते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक ओले असताना साबणासारखे होतात. विजेच्या खांबाला टेकून स्ट्रेचिंग? कधीच नाही.

धावण्याच्या ॲपवर रोजचा रूट सगळ्यांना दाखवत असाल तर घराजवळचा भाग लपवायची सेटिंग चालू करा. नकाशावरची ती रेघ तुमच्या गेटपासून सुरू होते आणि वेळही सांगते. घरच्या एकाला मात्र लाइव्ह लोकेशन पाठवा. आणि मोबाइलच्या कव्हरमागे शंभराची नोट घडी करून ठेवा. सहा किलोमीटरवर घोटा मुरगळला आणि फोनचं चार्जिंग संपलेलं असलं, तर रिक्षावाल्याला तीच दाखवावी लागते.